आधी झाकण, मग वळण

“आधी झाकण, मग वळण,” असं म्हणत ताई दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवायच्या आणि फिरती खुर्ची पायाने ढकलायच्या. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस हे बघून बिचकायचाच. तुम्हीही बिचकला असता.

ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या एका यानाचं रोजचं वेळापत्रक आम्ही बनवायचो. कुठे वळायचं, काय बघायचं, माहिती केव्हा पाठवायची, सगळं. त्याच्या दुर्बिणीवर थेट ऊन पडलं तर ती कायमची आंधळी होणार. म्हणून वेळापत्रक पाठवण्याआधी ताई स्वतःच यान व्हायच्या. खिडकी म्हणजे सूर्य, डोळे म्हणजे दुर्बीण, तळहात म्हणजे तिचं झाकण. मी एकेक ओळ वाचायची आणि त्यांनी तसं वळायचं.

महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि वेळापत्रक आपोआप बनवणारा प्रोग्रॅम मी लिहीत होते. त्याचं पहिलं वेळापत्रक मी मोठ्या तोऱ्यात वाचायला घेतलं. निम्म्यातच ताई उघड्या डोळ्यांनी खिडकीसमोर आल्या.

“मेले!” त्या ओरडल्या. “वाट लावलीस गं माझी!”

दोन मिनिटं वाचावीत म्हणून मी झाकण वळता वळता लावायला सांगितलं होतं. कॉलेजात नापास झाले तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती. ताईंनी मात्र चहा मागवला.

“अगं, खुर्चीवरच मेले ना? इथे मरायला हरकत नाही.”

मी तो नियम प्रोग्रॅममध्ये पक्का बसवला. मग त्या रोज नवी चूक शोधायच्या आणि सापडली नाही की जरा हिरमुसायच्या. मला हसू यायचं. पण खरं सांगते, त्या गेल्यावर माझ्या चुका कोण पकडणार, याची धास्तीही वाटायची.

त्या निवृत्त झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याशिवायचं पहिलं वेळापत्रक यानाकडे गेलं. त्यानंतरच्या सकाळी फोटो आले. सगळे तारे स्वच्छ, जागच्या जागी. केवढं हायसं वाटलं! मी लगेच बोरीवलीला त्यांच्या घरी फोन लावला.

“ताई, दुर्बीण शाबूत आहे. सगळं दिसतंय.”

त्या म्हणाल्या, “बरं झालं गं. ठेव आता.”

एवढंच? मला रागच आला. निदान शाबासकी तरी द्यायची! न राहवून दुपारी पुन्हा फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला.

“आई झोपल्यात. परवापासून टक्क जाग्या होत्या. सकाळी तुमचा फोन आला आणि आडव्या झाल्या, त्या अजून उठल्या नाहीत. उठवू का?”

“नको, नको,” मी म्हणाले. “झोपू दे त्यांना.”