एका डोणीचं पाणी

मामींनी मला कधी नाव विचारलं नाही. पाच हिवाळे मी त्यांच्याकडे उतरलो, त्यांच्या हातचं जेवलो, त्यांच्या ओटीवर पेपर वाचत बसलो. पण त्यांच्या लेखी मी फक्त ‘बंड्याचे पप्पा’ होतो. बंड्या माझा कुत्रा. पुण्याचं एक जोडपं यायचं, ते ‘सोनूचे आईबाबा’. ठाण्याचे एक निवृत्त साहेब होते, ते ‘राणीचे आजोबा’. बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, गाडी थांबली की मामी आधी मागच्या काचेत डोकावायच्या. माणसांकडे त्यांचं लक्ष नंतर जाई.

त्या आता नाहीत म्हणून हे लिहितोय असं नाही. त्या आहेत. मीच जात नाही. का जात नाही, ते तीन जणांना सोडून कुणाला ठाऊक नाही. त्यातली एक माझी बायको. दुसऱ्या दोघी कोण, ते पुढे येईलच.

नागाव सोडून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. त्यातल्याच एकीत मामींचं कौलारू घर. भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या, मागे विहीर, आणि बेड्यावर भाच्यानं रंगवून दिलेली पाटी : ‘कुत्र्यांसह उतरण्याची सोय. घरगुती जेवण.’ आजूबाजूला तेव्हाच मोठमोठी रिसॉर्टं झाली होती, पण तिथे कुत्र्याला कुणी दारात उभं करत नसे. मामींकडे उलटं होतं. एकदा एकजण कुत्र्याशिवाय आला, तर त्याला त्यांनी विचारलं, “मंग एवढ्या लांब एकटे कशाला आलात?”

जेवणाचा क्रम ठरलेला. आधी कुत्री, मग माणसं. तांदळाची भाकरी कुस्करून त्यात माशाचं बिनतिखटाचं पाणी, प्रत्येकाची वेगळी ताटली. आम्ही भुकेनं कासावीस होऊन पाटावर बसलेलो असायचो आणि मामी वाल सोलल्यासारख्या निवांत. कुणी चुळबुळ केली की म्हणायच्या, “थांबा हो. तुम्हाला भूक लागली तर तुम्ही सांगू तरी शकता.” मग वालाचं बिरडं, तळलेली मासळी, भाकऱ्या असं सगळं एकदम पुढ्यात यायचं आणि मघाचा राग कुठल्या कुठे जायचा. एका साहेबांनी एसी नाही म्हणून तोंड वाकडं केलं, तेव्हा मामींनी ओटीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “गार जागा तेवढी एकच हाय घरात. पन तिथं मुकादम झोपतो. त्याला इचारून बघा.”

मुकादम म्हणजे मामींचा कुत्रा. तांबूस, गावठी, एक कान अर्धा फाटलेला. त्यानं आल्यागेल्याला हुंगून पास केल्याशिवाय खोली मिळत नसे. मामा वारल्यावर चार महिन्यांत तो कुठूनसा आला आणि ओटीवर बसला तो बसलाच. मामींना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

आता डोणीचं सांगतो.

विहिरीपाशी एक लांबट दगडी डोणी होती. पूर्वी रहाटाचे बैल तिच्यात पाणी प्यायचे. बैल गेले, रहाट गेला, डोणी कुत्र्यांची झाली. नवा कुत्रा आला की मामी त्याला आधी तिथे न्यायच्या. एका टोकाला मुकादम, दुसऱ्या टोकाला पाहुणा. दोघं पाणी प्यायले की साखळी सोडायची. “एका डोणीचं पानी प्याले का भांडन मिटलं,” त्या म्हणायच्या, आणि मधल्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, बघून पुढे, “कुत्र्यांचं मिटतं. मान्सांचं न्हाय.”

गडग्यापलीकडे त्यांचे दीर राहायचे. मामी त्यांना भावोजी म्हणत. पुढे मीही मनात तेच म्हणू लागलो. विहिरीच्या वाटणीवरून वाद झाला होता. मामा गेले तरी तो राहिला. पाहुण्यांची कुत्री भुंकली की भावोजी गडग्यावरून ओरडायचे. एकदा तर मी असतानाच म्हणाले, “एक दिवस सगळ्यांना औषध घालतो, मंग झोप लागंल आमाला!” मामींनी घराचं दार उघडलं. मुकादमला तेवढं आत घेतलं.

डोणीवर नेण्याआधी मामी एकच गोष्ट विचारायच्या. “तब्येत बरी हाय ना याची? खोकला, नाक गळनं, काय न्हाय ना?” पहिल्या वर्षी मी बंड्याच्या लशीचं कार्ड काढून दाखवायला लागलो, तर त्यांनी हात हलवला. “कागद नको. तोंडानं सांगा. मला तेवढं पुरतं.”

पाचव्या वर्षी बंड्या दोन दिवस खोकत होता. नाक वाहत होतं, डोळ्यांना चिकटा. लस द्यायची राहून दोन वर्षं झाली होती. आज देऊ, उद्या देऊ करत राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “डिस्टेंपर असू शकतो. दोन आठवडे दुसऱ्या कुत्र्याजवळ जाऊ देऊ नका.” बायको म्हणाली, नको जाऊ या. पण वर्षभरात मिळालेली ती एकच रजा होती, आणि असल्या कुत्र्याला ठेवून घेणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, समुद्राची हवा लागली की बरं वाटेल त्याला. वडखळला गाडी थांबवून मी त्याला खोकल्याचं औषध पाजलं आणि रुमालानं नाक-डोळे पुसले. रुमाल सीटखाली टाकला. हे सगळं मी विचारपूर्वक केलं. चुकून काही झालं नाही.

बेड्याशी मामींनी विचारलं, “बरा हाय ना?”

“ठणठणीत आहे, मामी.”

बायको दुसरीकडे बघत होती. मामींनी साखळी घेतली. डोणीच्या एका टोकाला मुकादम आधीच शेपटी हलवत उभा होता. पाच वर्षांची ओळख. तो सरळ बंड्याच्या टोकाशी आला आणि दोघं तोंडाला तोंड लावून पाणी प्यायले. मामी हसून म्हणाल्या, “बघा, भाऊ भेटला.”

त्या मुक्कामातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शेवटच्या दिवशी सकाळी मी विहिरीकडे गेलो तर भावोजी गडग्यावर वाकून मुकादमला भाकरी चारत होते. शिळी नव्हे, ताजी, वर सुकट घातलेली. मला पाहून ते ओशाळले. “वैनीला सांगू नका,” म्हणाले. “चार महिने झाले, रोज येतो. तिच्या कुत्र्याचा राग न्हाय हो मला. आता वय झालं, किती दिवस धरायचं?” मी हसून मान डोलावली आणि सांगितलं नाही. शब्द पाळला, म्हणायचं.

परतल्यावर पंधरा दिवसांनी मामींचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत. “बंड्याचे पप्पा, बंड्या बरा हाय ना? मुकादम खात न्हाय. डोळं चिकटल्यात. म्हनलं आमच्या डोणीचंच पानी बाधलं का काय. तुमच्या पोराला काय झालं न्हाय ना?”

बंड्या तेव्हा माझ्या पायाशी पडला होता. सलाईनची पट्टी पायाला, आणि मागचा डावा पाय आपोआप उडत होता. त्या क्षणी खरं बोललो असतो, तर तिथल्या डॉक्टरांना नेमकं काय ते कळलं असतं. मुकादम वाचला असता की नाही, सांगता येत नाही. पण पुढचं काही झालं नसतं.

मी म्हणालो, “नाही हो मामी. बंड्या मजेत आहे.”

“मंग पानी न्हाय,” त्या म्हणाल्या. “देव पावला.”

आणखी आठवड्यानं पुन्हा फोन. आवाज ओळखू येईना. मुकादमला झटके आले, तोंडाला फेस आला, दोन दिवसांत गेला. वाडीमागे व्यालेल्या काळ्या कुत्रीची तिन्ही पिल्लंही गेली. फेस पाहून गाव म्हणालं, विष. मामींनी आठवून आठवून सांगितलं की आपल्याकडे आजारी कुत्रं येतच नाही, आपण विचारून घेतो. “भावोजींनी घातलं,” त्या म्हणाल्या. “भाकरीतनं. चारताना बघितलंय लोकांनी. देवळात उभा ऱ्हाऊन शपथ घेतली त्यांनी, न्हाय म्हनून. मी ऐकंन?”

मी त्या भाकरीवरची सुकट पाहिली होती. मी काय म्हणालो, ते जसंच्या तसं लिहितो.

“असतात अशी माणसं, मामी.”

बंड्या वाचला. पाय मात्र उडतच राहिला. झोपेतही उडायचा, फरशीवर टकटक आवाज यायचा. बायको तो ऐकून कधीकधी माझ्याकडे बघायची. तीन वर्षं आम्ही तिकडे फिरकलो नाही. मग बंड्या म्हातारपणानं गेला. टकटक थांबली आणि घरात मला बसवेना.

मी एकटाच गेलो. बेड्यावरची पाटी काढलेली होती, खिळे तेवढे राहिले होते. डोणी उपडी घातलेली, तिच्यावर सुपाऱ्या वाळत होत्या. मामी ओटीवर विळीवर सुपारी सोलत होत्या. खूप वाळल्या होत्या. मला पाहून सवयीनं त्यांची नजर माझ्या मागे, खाली गेली.

“बंड्या?”

“गेला, मामी. मागच्या महिन्यात.”

“अरे माझ्या बाळा,” म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या कुत्र्यासाठी. मग चहा ठेवला आणि आपणहून सांगू लागल्या. खोल्या बंद केल्या. दारात कुत्रं आलं की छातीत धडधडतं. भावोजी गेल्या श्रावणात गेले. आजारी होते तेव्हा निरोप आला होता, वैनीला एकदा बोलवा म्हणून. “न्हाय गेले. मेल्यावर तोंड बघायलाबी न्हाय गेले. दहाव्याला जाऊबाई गडग्याशी येऊन उभी ऱ्हायली, मी पाठ फिरवली. मुक्या जिवाला मारनाऱ्याचं कसलं तोंड बघायचं?” आणि जरा थांबून, “बरोबर ना, बंड्याचे पप्पा?”

माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवून मी सगळं सांगितलं. डॉक्टर, वडखळ, रुमाल, फोन. गडग्यावरची भाकरी, आणि ‘वैनीला सांगू नका’. पहिल्यांदाच काही न गाळता सांगत होतो, आणि आवाज माझाच वाटत नव्हता.

मामी सुपारी सोलत राहिल्या. एक सोलली, दुसरी घेतली. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी विळी मिटली, सालं एका बाजूला केली.

“मला शिव्या द्या, मामी,” मी म्हणालो.

“मी कशाला देऊ? तुमी तोंडानं सांगितलंत, मी मानलं. भावोजींनी बी तोंडानंच सांगितलं होतं.”

त्यांनी एकदा डोणीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, एखाद्या नव्या पाहुण्याला विचारावं तसं, सरळ विचारलं, “तुमचं नाव काय हो?”

मी सांगितलं.

“आखं सांगा. वडलांचं, आडनाव.”

मी आखं सांगितलं.

“जाऊबाईला सांगताना नाव लागंल,” म्हणून त्या उठल्या. चपला न घालता अंगण ओलांडून बेड्याबाहेर गेल्या आणि रस्त्यानं पलीकडच्या बेड्यातून आत गेल्या. मी बसून राहिलो. पलीकडे कडी वाजली. “जाऊबाई,” अशी हाक आली, पुन्हा एकदा आली. दार उघडलं.

आणि मग गडग्यापलीकडून माझं नाव ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामींच्या तोंडून. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एक अक्षर न चुकता.