लिस्बनमध्ये भरलेली ओटी

आधी एक सांगते — मी असले अनुभव चहाबरोबर तोंडी लावायला वाचणारी बाई आहे. वाचायचे, हसायचे, सुधीरला म्हणजे माझ्या नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि ‘लोकांना वेळ बरा मिळतो’ म्हणून फोन बाजूला ठेवायचा. नोकरी झाशीतल्या एका सरकारी कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. मीटरवर आकडा दिसला तरच विश्वास ठेवायचा, यावरच आमचा पगार चालतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते. मध्येमध्ये हिंदी येईल, सांभाळून घ्या. आमच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्यात.

माझी आई इथल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते, सीपरी बाजारच्या मागच्या गल्लीत. मागच्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी झाली, मग दिल्ली. यकृतात गाठ होती आणि ती पसरलेली होती. दिल्लीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “देखिए मैडम, ऑपरेशन से अब कुछ नहीं होगा. गर्मियाँ निकाल लें तो बहुत समझिए. जहाँ जाना चाहें, घुमा लाइए.”

परतीच्या गाडीत आईने विचारलं, “काय म्हणाला गं तो?”

“म्हणाला, फिरवून आणा.”

“म्हणजे आटोपलंच म्हणायचं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग आग्रा गेल्यावर एकदम, “मग लिस्बनला ने मला. वास्को-द-गामा लिस्बनहून निघाला, लिस्बनहून निघाला, असं जन्मभर पोरांना घोकायला लावलं. तो निघाला ते ठिकाण एकदा बघू तरी दे.”

सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पुण्याचा भाऊ म्हणाला, काशीला ने. पण आईला काशी नको होती, लिस्बन हवं होतं. पासपोर्ट, व्हिसा, डॉक्टरचं पत्र — सगळं केलं आणि मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघी गेलो.

खरं सांगते, ते दिवस सुरेख गेले. गाव नुसतं चढ-उताराचं, गुळगुळीत पांढऱ्या दगडांची फरशी, त्यात आईचे गुडघे. पण पिवळ्या ट्राममध्ये खिडकीशी बसून ती अशी बघायची, की समोरच्या बायका तिच्याकडे बघून हसायच्या. नदीच्या काठावर, जिथून ती जहाजं निघाली म्हणतात, तिथे ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, “नकाशात केवढंसं बोट ठेवायचे मी इथे...” मी तोंड फिरवून रडून घेतलं.

आता मुद्द्याचं. आमच्या घरात परगावी जाताना बॅगेत ओटीचं सामान असतंच. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळद-कुंकू. कुठे देवीचं ठाणं दिसलं तर रिकाम्या हाताने पुढे जायचं नाही, ही आईची शिस्त. मी नारळ मात्र नेऊ दिला नव्हता. तिथल्या सुपरमार्केटात नारळ मिळाला, पण तो घासूनपुसून गुळगुळीत केलेला, शेंडीच नाही. आई म्हणाली, “हा असला बोडका देवीपुढे ठेवू? राहू दे.”

परतायच्या आदल्या दिवशी सकाळी एका जुन्या चर्चमध्ये गेलो. नाव मुद्दाम देत नाही. बाहेर छान ऊन, आत गारठा. पर्यटक पुढे मोठ्या वेदीकडे होते. आई दमली म्हणून आम्ही बाजूच्या एका लहानशा दालनात शिरलो, तर तिथे उंच चौथऱ्यावर एक दगडी बाई निजलेली. उताणी, डोक्याखाली दगडाची उशी, अंगभर झग्याच्या चुण्या, छातीवर दोन्ही हात जोडलेले. पायाशी एक छोटं कुत्रं.

“अगंबाई, शयनातली देवी,” आई म्हणाली. “वाहन बघ पायाशी.”

मी म्हटलं, असेल. मला त्यातलं काय कळतंय! तोवर आईने पिशवीतून खण काढलासुद्धा. “तू भर. माझ्या हातून चालायचं नाही. आणि काय मागायचं ते नीट मनात माग.”

बाबा गेल्यापासून ती स्वतः ओटी भरत नाही. किती वेळा भांडले असेन मी यावरून, पण तिथे भांडायचं बळ नव्हतं. मी हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी मनापासून, त्या दगडी चेहऱ्याकडे बघून म्हणाले — आईला नेऊ नकोस. बाकी काही नको. तिला जाऊ देऊ नकोस. तोंडाने नव्हे हं, मनात.

आईने रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे परत उचलले आणि प्रसाद म्हणून तोंडात टाकले. माझ्या हातावर दिले ते मी पर्समध्ये टाकले, हॉटेलात गेल्यावर सापडले नाहीत.

बाहेर पडताना भिंतीवरची इंग्रजी पाटी दिसली. कुणा सरदाराच्या बायकोची कबर होती ती. देवी नाही, काही नाही. मेलेली बाई खाली, वर तिचा पुतळा. कबरीची ओटी भरली होती मी. आईला सांगितलं तर ती मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागली. “मेलेली असली म्हणून काय झालं! बाईमाणूसच ना? कितीक वर्षांत कुणी विचारलं नसेल बिचारीला.”

झाशीला आलो आणि आईचं दुखणं थांबलं. कमी झालं नाही, थांबलं. गोळ्या बंद झाल्या. दिल्लीला नेलं तर गाठ होती तेवढीच, आधीच्या फोटोवर नवा फोटो ठेवावा तर रेघेचा फरक नाही. डॉक्टर म्हणाले, “कमाल है.” मी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या मिश्रा भाभी आईच्या पाया पडून म्हणाल्या, “अम्मा जी, आप तो सौ साल जिएँगी.” त्या दिवशी मी जितकी खूश होते तितकी माझ्या लग्नातही नव्हते.

आधी नखं लक्षात आली. रविवारी तिची नखं मी कापते. एका रविवारी कापायला बसले तर कापण्यासारखी नव्हतीच. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग जेवण तुटलं. आधी अर्धी पोळी, मग चमचाभर वरण, मग तेही नाही, पण वजन तिळभर उतरेना. दुपारी ती कुशीवर निजायची, जन्मभर तशीच निजत आली होती. मे महिन्यात एका दुपारी खोलीत गेले तर ती उताणी होती, पाय जुळलेले, छातीवर हात जोडलेले. मी हात सोडवून बाजूला ठेवले. थंडगार लागले. कूलर बंद करून, पाणी घेऊन परत आले तर हात पुन्हा जोडलेले.

झाशीचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. मी कारखान्यातून तापमान मोजायची गन आणली. भिंतीवर धरली, भिंत चाळिशीच्या वर. माझं कपाळ ठीक. आईचं कपाळ... अठरा. दुसरी गन आणली, तीही तेच. आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले, त्यांच्या थर्मामीटरवर आकडाच येईना. म्हणाले, “सेल बदलना पड़ेगा.” नाडी बघितली. होती, पण फार सावकाश. रक्ताभिसरणाचं काहीतरी सांगून, माझ्याकडे न बघता ते स्कूटर काढून निघून गेले. फीसुद्धा घेतली नाही.

आई तेव्हा बोलायची, पण क्वचित. अशाच एका दुपारी मी तिच्या पायांवर गोधडी घालत होते. गोधडीखाली पाय कधी गरम होत नव्हते, तरी मी घालायचे. ती छताकडे बघत म्हणाली, “शुभा, तिथे काय मागितलंस तू?”

मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुधीरलाही नाही.

“तुला नेऊ नको म्हटलं,” मी म्हणाले.

“हं.” मी गोधडीची कड खाली खोचली. “कुठवर, ते सांगितलं नाहीस.”

“आई, असं नको गं बोलू.”

“दुखत नाही काही. पण झोप येत नाही बाई. डोळे मिटते तरी आत जागीच असते. सारखी.” मग मला अगदी लहानपणी समजवायची तशी म्हणाली, “मला नाही जाता यायचं आता. तू जा आणि सांग तिला.”

त्यानंतर आई बोललेली नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता लोक पुन्हा दिवाळीचे रंग लावताहेत. दिल्लीचे डॉक्टर तिला भरती करा म्हणतात, त्यांना तिच्यावर तपासण्या करायच्या आहेत. भाऊ म्हणतो, योगायोग आहे, आजार आहे, मेंदूवर परिणाम झालाय. म्हणू दे. माझ्याकडेही दुसरं स्पष्टीकरण नाही. मीटर चुकला असेल, तर सगळे मीटर एकदम कसे चुकले ते मला सांगा. पुतळ्याला दिलेल्या चार तांदळांनी असं काही होतं, हे मी अजूनही मानत नाही. पण व्हिसा काढलाय. खण आणलाय, हिरवा. तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं.

सुधीर म्हणतो, “जा आणि मोकळं कर त्यांना.” बरोबर आहे त्याचं. तिथे जाऊन काय मागायचं तेही मला ठाऊक आहे. आईचं मरण मागायचं, पोटच्या मुलीने, ओटी भरून.

रोज सकाळी उठले की मी आधी तिच्या खोलीत जाते आणि नाकाशी बोट धरते. श्वास लागतो, गार, सावकाश. आणि मला बरं वाटतं. एवढं सगळं कळूनसुद्धा, रोज, बरंच वाटतं.