शेवाळ शिकवणारी बाई

पुसदच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, आणि त्यातही शेवाळ हा माझा खास प्रांत. त्यामुळे आमच्या बैठकीतल्या माशांच्या टाकीत हिरवा थर धरायला लागला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, माझ्याकडेच पाहिलं.

टाकी ह्यांची. निवृत्तीनंतर बीपी वाढलं, तर डॉक्टर म्हणाले, मासे पाळा, बघत बसा, मन शांत राहतं. ह्यांनी यवतमाळहून आठ आफ्रिकन सिक्लिड आणले. पिवळेजर्द, निळे, मोठे देखणे. आठवडाभरात त्यांनी एकमेकांच्या शेपट्या कुरतडल्या. हे समोर खुर्ची टाकून, "अरे सोड त्याला, सोड," करत बसायचे. बीपी आणखी वाढलं.

"तुझा विषय आहे. कर काहीतरी," हे मला म्हणाले.

मी काचेवरचा थर खरडून जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कूळ ओळखलं, आकृती काढली, नावं दिली. ह्यांनी आकृती नीट बघितली आणि विचारलं, "बरं, पण हे जाईल कसं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता.

मग शेवाळ खाणारा म्हणून एक सकर मासा आणला. संध्याकाळपर्यंत त्याचे पंख गेले. त्याला बादलीत हलवावं लागलं. गोगलगायी सोडल्या, तर दुसऱ्या दिवशी नुसते शंख. शेवटी मीच ब्रश घेऊन टाकीत हात घातला. सगळ्यात मोठा निळा आला आणि बोटाला चावला. "पाहिलं, कसा जिगरबाज आहे," हे कौतुकाने म्हणाले. माझ्या बोटाबद्दल त्यांनी नंतर विचारलं.

सकर परत करायला आम्ही दोघं यवतमाळला दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा. माझ्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, मले नाही ओळखलं? तुमच्या पेपरात दोनदा नापास झालतो मी."

हे सांगताना तो मजेत होता. त्याने बादलीतला सकर पाहिला आणि टाकी कुठे ठेवली ते विचारलं. पूर्वेच्या खिडकीत, मी सांगितलं. खाणं दिवसातून किती वेळा? मी ह्यांच्याकडे बघितलं.

"पाचदा," हे म्हणाले. "उपाशी दिसतात हो."

"ते सदानकदा उपाशीच दिसतात, सर. अन् तिकडे आफ्रिकेत, त्यांच्या तलावात ते गोट्यावरचं शेवाळच खरडून खातात. तुम्ही त्यांले दाण्यावर पोसून राह्यले, मंग ते शेवाळ कायले खातीन?"

"हे कुठे वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं नाही, मॅडम. पाहून राह्यलो रोज."

घरी येऊन, त्याने सांगितल्याप्रमाणे, टाकी उन्हापासून दूर आतल्या भिंतीशी नेली. त्यासाठी पाणी बादल्याबादल्यांनी उपसण्यात अख्खा दिवस गेला. टाकीचा दिवा थोडाच वेळ लावायचा, दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, दाणे दिवसातून एकदा. शेवटच्या कलमाला ह्यांचा विरोध होता. मी दाण्यांचा डबा तुरीच्या डाळीमागे ठेवला. तो ह्यांना दोनच दिवसांत सापडला. मग कपाटाला कुलूप लावलं.

तीन-चार आठवड्यांत टाकीतले गोटे स्वच्छ दिसायला लागले. मासे दिवसभर त्यांच्यावर तोंड घासत फिरायचे आणि त्यातून सवड मिळाली की भांडायचे. समोरच्या काचेला मात्र ते तोंड लावत नाहीत. ती दर रविवारी आम्ही साफ करतो. मी ब्लेड फिरवते, आणि हे बाही वर सारून, चहाच्या गाळणीने मोठ्या निळ्याला एका कोपऱ्यात अडवून उभे राहतात.