लाल पेन आणि खिचडीचं तेल

बाळांनो, मसाल्याच्या डब्यांवरही इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या तुमच्या आजीची ही फजिती. पोषण आहारावरचा सरकारी खर्च तपासायला एका संस्थेने मला सोलापूरहून सांगोल्याकडच्या अंगणवाडीत धाडलं होतं. सोबत मी स्वतः आखलेला तक्ता आणि लाल पेन.

तिथली मदतनीस चमच्याने मोजून पातेल्यात तेल सोडत होती. तेलाचे पैसे तीन महिने आले नव्हते, खिचडी मात्र रोज शिजत होती. हिशेब जुळेना. मी ऐटीत लाल रेघ मारली आणि विचारलं, "मग हे तेल आलं कुठून?"

"माज्या घरनं, आजी. पोरं उपाशी बसवू व्हय?" चमचा तसाच धरून ती म्हणाली. "कमी पडलं तवा कुनी इचारलं न्हाय. जास्त दिसलं की लगीच लाल रेघ!"

तो तक्ता तसाच वर गेला असता, तर पैसे थकवणारे सुटले असते आणि चोर ती ठरली असती. मी रेघ खोडली आणि 'घरून आणलेलं' असा नवा रकाना आखायला घेतला.

ती वाकून बघत म्हणाली, "जरा रुंद आखा की, आजी. डाळ बी हाय."