काही झालंय का, ते मी ठरवीन

"काही झालं तर आधी मला सांगायचं. मग काही झालंय का, ते मी ठरवीन."

परदेशी निघालेल्या प्रत्येक तुकडीपुढे आमचे साहेब हे वाक्य म्हणत आणि उजवा हात टेबल पुसल्यासारखा हवेत आडवा फिरवत. बडोद्याबाहेरच्या आमच्या खाजगी विद्यापीठात ते परदेश विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली मुलांच्या व्हिशाची, विम्याची कामं पाहत असे. असा साहेब तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. घराला आग लागली तर हा आधी शेजाऱ्यांना धूर दिसला का, ते विचारतो.

संस्थानच्या काळात त्यांचे पणजोबा दरबारी अधिकारी होते. त्यामुळे नाव खराब होऊ न देणं हाच साहेबांचा धर्म. निघायच्या दिवशी ते प्रत्येक मुलाच्या हातावर दही-साखर ठेवत, तीही स्वतः, चांदीच्या वाटीतून. इथवर कौतुक करायला माझी हरकत नाही. पण मी तयार केलेल्या सूचनांमधलं आजारपण आणि अपघाताचं पान ते त्याच वाटीशेजारी बसून काढून टाकत.

"निघताना अभद्र नको. मुलांच्या आया बसल्यात समोर."

"साहेब, त्यावर तिकडच्या विद्यापीठाचा मदतीचा नंबर आहे."

"चालशे," साहेब म्हणत. म्हणजे 'चालेल'. गुजरातीतल्या या एका शब्दावर त्यांनी अख्खा विभाग चालवला.

मुलं परत आली की अहवाल साहेबच लिहीत. एक मुलगा बर्फावर घसरून पाय मोडून आला, त्याची अहवालात 'सक्तीची विश्रांती' झाली. एका तुकडीला उलट्यांनी लोळवलं, तो 'आहारातील बदल' ठरला. एका मुलीला वसतिगृहाच्या दारातला कुत्रा चावला आणि ती इंजेक्शनं घेत हिंडली. साहेबांनी लिहिलं, 'स्थानिक प्राणिजीवनाचा परिचय'. मी म्हटलं, साहेब, तिकडे कळवू या, पुढची तुकडी त्याच दारातून जाणार आहे. ते म्हणाले, "उगाच कुत्र्याचं नाव कशाला खराब करायचं?" आपल्या विनोदावर ते बराच वेळ हसले. पुढच्या तुकडीतल्या मुलालाही तोच कुत्रा चावला.

जर्मनीची सहल त्यांनी स्वतः नेली. मी इथेच होतो, पुढचं मला मुलांनी सांगितलं. दुपारी एक प्रयोगशाळा बघताना साहेबांना दरदरून घाम फुटला आणि त्यांचा हात छातीवर गेला. शेजारी ऋजुता होती. बडोद्यातल्याच मांजलपूरची, वडील रेल्वेत.

"सर, दुखतंय का?"

"पित्त आहे. कोणाला बोलायचं नाही."

एवढं बोलून ते खाली कोसळले. आणि आमची मुलं त्यांच्याभोवती गोल करून उभी राहिली. काही झालं तर आधी सरांना सांगायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं. सर तर समोर पडलेले. एक जण म्हणाला, सर उठले की विचारू. ऋजुताने मात्र कोणाला विचारलं नाही. तिकडच्या विद्यापीठाने दिलेल्या ओळखपत्राच्या मागे मदतीचा नंबर छापलेला होता, तो तिने फिरवला. ॲम्ब्युलन्स आली, बंद झालेली रक्तवाहिनी उघडली गेली आणि साहेब वाचले.

बरे होऊन आल्यावर साहेबांनी पहिलं काम केलं ते ऋजुताला केबिनमध्ये बोलावण्याचं. आभार मानतील असं मला वाटलं, कारण मी मूर्ख आहे. त्या फोनमुळे तिकडच्या विद्यापीठाने घटना रीतसर नोंदवली होती आणि आमच्याकडे काय खबरदारी घेतली जाते, अशी विचारणा केली होती. साहेबांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच नोंद, आणि तीही त्यांच्याच नावावर.

"मला न विचारता फोन का केलास?"

"सर, तुम्ही बेशुद्ध होता."

"मग थांबायचं होतंस."

ते गंमत करताहेत असं वाटून ती हसली. ते गंमत करत नव्हते. त्याच विद्यापीठात एक सत्र शिकायला जायचं म्हणून ती पहिल्या वर्षापासून राबत होती, घरी बसून जर्मन शिकत होती. तिच्या शिफारशीवर साहेबांनी सही केली नाही. कारण दिलं, शिस्त नाही. मी भांडलो, कुलगुरूंकडे गेलो, त्यांनी मला चहा पाजला. जागा दुसऱ्याला गेली. जीव वाचवणाऱ्या पोरीशी इतका कोता वागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ऋजुता आता इथेच बडोद्यात, अलकापुरीतल्या एका ऑफिसात नोकरी करते.

साहेब निवृत्त झाले आणि गेल्या हिवाळ्यात गेले. राहत्या घरी, भर सकाळी. मी भेटायला गेलो तेव्हा साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्याच बसल्या होत्या.

"तिकडे एका मुलीमुळे वाचले म्हणे," त्या म्हणाल्या. "नाव विचारलं की विषय बदलायचे. तिला एकदा भेटायचं राहिलंय माझं. तुम्हाला माहितेय का ती?"

सुतकाच्या घरात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, एवढं मलाही कळतं. पण त्या घरात न बोलणं फार झालं होतं. मी सगळं सांगितलं. केबिन, सही, तिची गेलेली जागा, सगळं. वहिनी उठल्या.

"मला आत्ता तिच्याकडे न्या."

मांजलपूरला ऋजुताच्या सोसायटीच्या फाटकाशीच त्या माझ्या स्कूटरवरून उतरल्या. सुतक आहे, वर येत नाही म्हणाल्या. साहेब गेल्याचं मी फोनवर सांगितलं तशी ऋजुता खाली आली. वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले.

"यांनी तुझं काय केलं, ते मला आज कळलं गं."

ऋजुताने विचारलं, "काकू, या वेळी पण त्यांनी कोणाला बोलवू दिलं नाही?"

"छाती धरून बसले होते. डॉक्टरांना फोन करते म्हटलं, तर नको म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "मी ऐकलं त्यांचं."

ऋजुताने त्यांना जवळ घेतलं. मी स्कूटरपाशी उभा राहून त्या गेलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो, आणि मला रडू आवरत नव्हतं.