फेटलिंग खात्याचे तीक्ष्ण कान

कोल्हापूरजवळ उचगावच्या पुढे आमची फौंड्री होती आणि तिच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. कोण किती वाजता आला, कोण आलाच नाही, हे लिहून ठेवायचे एवढेच माझे काम. नव्वदीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट आहे. फौंड्रीत लोखंड वितळवून पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतत. ओतलेल्या भागांच्या कडा आणि जास्तीचे लोखंड ग्राइंडरवर घासून काढायचे काम फेटलिंग खात्यात चाले. पत्र्याच्या एका शेडखाली पंधरा-वीस ग्राइंडर एकदम सुरू झाले, की तिथे तोंडाने बोलण्यात काही अर्थ नसे.

म्हणून त्या खात्याने स्वतःची हातांची भाषा तयार केली होती. हात वर करून मनगट फिरवले, की क्रेन आण. अंगठा ओठाला लावला, की चहा. दोन्ही हात पोटापुढे गोल धरून अलगद सोडून दिले, की मालक येत आहेत. माझे नाव म्हणजे मनगटावर दोन टिचक्या आणि मग गळ्यावरून एक बोट. ही किती वाजले विचारण्याची खूण आहे असा माझा बरीच वर्षे समज होता.

या भाषेतले सर्वांत मोठे पंडित म्हणजे खात्याचे मुकादम. सगळे त्यांना मामा म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगाने अजून भरलेले, आणि तरुणपणी तालमीत मोडलेले दोन्ही कान वाळलेल्या अंजिरासारखे डोक्याला चिकटलेले. मामांना ऐकू कमी येते, हे मला ऑफिसच्या खिडकीत कळले. मी मस्टरमध्ये डोके घालून काही विचारले, तर उत्तर येत नसे. डोके वर केले, की लगेच येई. ते माझे ओठ वाचत होते. मी ते कोणाला सांगितले नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला कोणी विचारलेच नव्हते.

मग परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचे पत्र आले. गोंगाटात काम करणाऱ्या कामगारांचे कान तपासता का, असे त्यात विचारले होते. पत्र सरळ होते. एक डॉक्टर बोलवावा, तपासणी करावी, कागद पाठवावा, संपले. पण नारळ फोडल्याखेरीज एखादी गोष्ट घडली असे आमच्या मालकांना वाटत नसे. अंगणात मंडप पडला. 'कान वाचवा शिबिर' असा फलक लागला आणि त्यावर मालकांचा फोटो होता, कानापासून कानापर्यंत. शिबिराचे उद्घाटन दोन कर्ण्यांतून झाले. तपासणीला आलेल्या तरुण डॉक्टरबाईंना मानाची खुर्ची मिळाली ती नेमकी एका कर्ण्याखाली. सत्काराची शाल कानांवरून लपेटून त्या भाषण संपेपर्यंत बसून राहिल्या.

भाषणात मालक म्हणाले, "ज्यांचे कान कमी निघतील त्यांना हलक्या कामावर घेऊ. काळजी नको." मनाने माणूस वाईट नव्हता, हे त्यांनी दयेपोटीच म्हटले. पण आमच्याकडे हलके काम म्हणजे यार्डात भंगार वेचणे, हे सर्वांना ठाऊक होते. पाऊण तासाच्या भाषणातले तेवढे एकच वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले.

दुपारी मामा खिडकीशी आले.

"भाऊसाहेब, तीस वर्सं मानसं हाताखाली घेतली. आता काय भंगार हाताखाली घेऊ?"

"मामा, खरं काय ते बाईंना सांगा. वेळेत कळलं तर उरलेलं तरी वाचतं म्हणतात."

"तुमाला सांगाय काय जातंय? तुमच्या कामाला कान लागतच न्हाईत. खोडरबर असला की झालं."

खोडरबर तेव्हा माझ्या हातातच होता.

तपासणीला शांत जागा हवी होती. फौंड्रीत तशी एकच जागा होती, मालकांची मीटिंगची खोली. तिच्या एका बाजूला मोठी काच होती, मालकांना बसल्या जागी कारखाना दिसावा म्हणून. बाईंनी कामगाराला काचेकडे तोंड करून बसवले, म्हणजे मागे ठेवलेले त्यांचे यंत्र त्याला दिसू नये. कानांवर हेडफोन लावायचा. आवाज आला की त्या बाजूचा हात वर करायचा. बाईंनी बटण दाबले, की यंत्रावर एक लाल दिवा लागे.

तपासणी दोन दिवस चालली आणि दोन्ही दिवस फेटलिंगचा कोणी ना कोणी बाहेरून काच पुसत होता. त्याला खोलीतला दिवा आणि बाईंची बोटे स्वच्छ दिसत. फडके उजवीकडे गेले, की आतल्या माणसाचा एक हात वर होई; डावीकडे गेले, की दुसरा. मामा बसले तेव्हा त्यांच्या मोडलेल्या कानांवर हेडफोन धड बसेना. शेवटी बाईंनी रुमालाने बांधला. तरी मामांचे हात कवायतीत उठावेत तसे उठत होते.

"तुमच्याकडे स्वच्छतेची फार आवड दिसते," जाताना बाई मला म्हणाल्या. "दोन दिवसांत ती काच तीसेक वेळा पुसली."

मला तेव्हाच सांगता आले असते. मी म्हणालो, "धूळ फार आहे इथं."

निकाल आला आणि मालक हरखून गेले. फेटलिंग खात्याचे कान अख्ख्या कारखान्यात उत्तम निघाले होते. सर्वांत वाईट निघाले ऑफिसचे, कारण आम्हाला कोणी फडके दाखवले नव्हते. माझा डावा कान जेमतेम पास झाला. मालकांचा उजवा तर सरळ नापास. बाईंनी कागदाच्या तळाशी लिहिले होते, की हे आकडे आपल्याला समजत नाहीत, फेरतपासणी व्हावी. मालकांनी तळ वाचला नाही. पुन्हा मंडप पडला. कोल्हापूरच्या पाण्याचा आणि मातीचा हा गुण आहे, असे त्यांनी जाहीर केले. फेटलिंगला ढाल मिळाली आणि मामांपासून सगळ्यांना फेटे. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटोही आला.

याचा परिणाम पंधरा दिवसांनी पुण्याहून खोक्यातून आला. खोक्यात आवाज अडवणारे इअरमफ होते, कानांवर वाटीसारखे बसणारे, चांगले परदेशी. आधी ते फेटलिंगसाठी घ्यायचे ठरले होते. मालकांनी निकाल वाचून यादी बदलली. ज्यांचे कान नाजूक त्यांना संरक्षण, असा सरळ हिशेब. तेव्हा इअरमफ मिळाले ते मला, अकौंटंटला, स्टोअरकीपरला आणि खुद्द मालकांना. आम्ही लाकडी टेबलांवर, पंख्याखाली, इअरमफ लावून कागद लिहीत होतो. भिंतीपलीकडे फेटलिंगची माणसे उघड्या कानांनी लोखंड घासत होती.

त्यांच्यात उचगावचा एक ग्राइंडरवाला होता, तिशीतला. नोकरीला लागून त्याला दोन वर्षे झाली होती. बाकीच्या वेळात तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या वस्तीतली माणसे त्याच्यासाठी बँड थांबवून ठेवत. तो एक दिवस मस्टरवर सही करायला आला आणि माझ्या डोक्यावरचा इअरमफ बघत उभा राहिला.

"सायेब, मला एक मिळंल का? रातभर कानात शिट्टी वाजतीया. परवा बँडमास्तर म्हनला, तुझा सूर चढाय लागलाय. मला तर बरोबर वाटत हुता."

मी त्याला मालकांकडे पाठवले. मालकांनी त्याचा कागद काढून दाखवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मनाचे खेळ असतात हे." तो परत येताना दारातच मामांना भेटला. झाला प्रकार त्याने त्यांना तोंडाने सांगितला नाही, हातांनी सांगितला. ती खूण मला नवीन होती. दोन्ही हातांची बोटे हवेत धरलेल्या क्लॅरिनेटवर फिरली आणि मग थांबली.

मामा त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जेवले नाहीत. सुट्टी संपताना माझ्याकडे आले.

"चला, आत जाऊ."

"मी कशाला?"

"मालक काय बोलत्यात ते मला कळाय पायजे. मिशा वाढल्यात त्यांच्या. ओठ दिसत न्हाईत."

आम्ही आत गेलो. मालकांनी डोक्यावरचा इअरमफ काढून टेबलावर ठेवला. मामांनी काच, फडके, लाल दिवा, सगळे सांगितले. कोणी शिकवले तेही सांगितले. ते त्यांनी स्वतःच शिकवले होते. मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मुकादम, अहो, पेपरात फोटो आलाय."

मी ते वाक्य मामांकडे तोंड करून पुन्हा म्हटले.

"फोटोत कुनाचं कान न्हाईत, मालक," मामा म्हणाले. "सगळ्यांनी फेटं बांधल्यात. मला यार्डात टाका. पर पोरांस्नी त्या वाट्या द्या."

बाई पुन्हा आल्या. या वेळी नारळ नव्हता, कर्णा नव्हता, आणि काचेला वर्तमानपत्र चिकटवले होते. मामा पहिले बसले. रुमाल बांधला. बाई बटण दाबत गेल्या, आवाज चढवत गेल्या. मी दारात उभा होतो. मामांचे हात मांडीवर होते ते मांडीवरच राहिले. शेवटी यंत्रातला आवाज मला दारात ऐकू यायला लागला. तेव्हा मामा मान वळवून नम्रपणे म्हणाले, "सुरू करा की, म्याडम."

बाईंनी यंत्र बंद केले आणि थोडा वेळ कागदावर उगाच काहीतरी लिहीत राहिल्या.

एकेक करत सगळे खाते झाले. कान नोकरीच्या हिशेबाने गेलेले होते. ज्याची जितकी वर्षे, तितके कमी. बाईंनी मालकांना उभे राहूनच सांगितले, की गेलेले आता परत येणार नाही, राहिले आहे तेवढे राखता येईल, आणि दोनच वर्षे नोकरी झालेल्या माणसाचे अजून बरेच राहिले आहे. मालकांनी यादी हातात घेतली आणि हलक्या कामाची माणसे निवडायला सुरुवात केली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळीच निघाली. सगळ्यांना यार्डात पाठवायचे तर घासायचे कोणी? त्यांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली.

"जो तो आपापल्या जागी राहू दे," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी मामांना हे सांगितले. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

"म्हंजे पयल्याच दिवशी खरं बोललो असतो, तरी हेच झालं असतं?"

"हेच."

"मग फडकं कशाला मारलं आपन?"

'आपण' हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून वापरला, आणि तो बरोबर होता.

इअरमफ फेटलिंगला गेले, कमी पडले ते मागवले गेले. सुरुवातीला कोणी लावेना. घाम येतो, टोपी बसत नाही, बायको हसेल, नाना कारणे. बायको कारखान्यात कुठून येणार, हे विचारायची सोय नव्हती. मामा मात्र सकाळी शेडच्या तोंडाशी उभे राहत आणि ज्याच्या कानांवर वाट्या नाहीत त्याला आत सोडत नसत. माझ्या मस्टरवर त्या महिन्यात सगळ्या फेटलिंगला उशिराची खूण झाली. स्वतः मामाही लावत. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता, हे सगळ्यांना माहीत होते. म्हणून कोणाला वाद घालता येत नसे.

तेव्हापासून दरवर्षी तपासणी होऊ लागली, भाषणाशिवाय. मालकांना तिच्यात रस उरला नाही, आणि त्यामुळे ती नीट होऊ लागली. पुढच्या वर्षी कागद आले तेव्हा मामा खिडकीशी येऊन उभे राहिले. स्वतःचा कागद त्यांनी बाजूला सारला आणि क्लॅरिनेटवाल्याचा मागितला. मी त्याचे दोन्ही वर्षांचे आलेख शेजारी शेजारी धरून दाखवले. गेल्या वर्षीची रेघ जिथे होती तिथेच या वर्षीची होती. खाली आली नव्हती.

मामांनी त्या दोन रेघांवरून बोट फिरवले, एकदा एकीवरून, एकदा दुसरीवरून. मग या वर्षीच्या कागदाची घडी घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मी डोके वर करून, त्यांना ओठ दिसतील अशा बेताने म्हणालो, "मामा, तो त्याचा कागद आहे."

"म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि इअरमफ चढवून शेडकडे गेले.