पंचनाम्यावरची सही

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. आता सांगतोय तेही मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — लपवायचाच कंटाळा आलाय.

चौसाळ्याजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. नागरिकशास्त्र शिकवायचो. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराध माणसाला शिक्षा होता कामा नये — हे दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो. पोरं पाठ करायची. मी केलं होतं का?

त्या वर्षी गावातल्या विहिरींवरून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. संशय लिंबाजीवर, मेंढरं राखणारा माणूस. त्याला नारायणगडाच्या जत्रेतून पोलिसांनी उचलून कोठडीत टाकलं. दोन दिवसांनी हवालदार शाळेत आला. "सर, मोटर घावली त्याच्या मेंढराच्या कोठ्यात, कडब्याखाली. पंच म्हनून सही करा. सरकारी मानूस आसला की कोर्टात टिकतंय." पंचानं जागेवर जाऊन डोळ्यांनी बघायचं असतं. पण पंच म्हणजे नुसती सही, असंच आमच्याकडे चालत आलंय. ऊन लई होतं — मी गेलो नाही. वर्गाच्या दारातच सही करून दिली.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नव्हतं. पुढे कोर्टात शपथ घेऊन मी सांगितलं, मोटार माझ्यासमोर निघाली. का सांगितलं? सही अंगाशी येईल ही भीती होतीच. पण खरं सांगू? मला वाटलं, कुणाला तरी शिक्षा झाली की चोऱ्या थांबतील. आणि थांबल्या की हो! गाव खूश. शिक्षेनं आपलं काम केलं — मग आत गेलेला माणूस तोच होता का, हे कोण विचारतो? मीही विचारलं नाही.

दोन वर्षांनी लिंबाजी सुटला आणि सरळ माझ्या घरी आला. शिव्या घालेल असं वाटलं. घालायला हव्या होत्या. तो खाली बसला.

"सर, तुमी काय खोटं बोलनार न्हाई. तुमच्या डोळ्यादेखत निघाली म्हंजी व्हतीच. कोठ्याची किल्ली धाकट्या भावाकडं व्हती — त्यानंच ठिवली आसंल."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी चहा पुढे केला.

त्यानं भावाशी बोलणं तोडलं. मेंढरं वाटून घेतली. धाकटा दारात येऊन रडला, शपथा घेतल्या, तरी लिंबाजीनं ऐकलं नाही. सरांनी पाहिलंय, एवढंच म्हणत राहिला.

गेल्या वर्षी धाकटा वारला. लिंबाजी मातीला गेला नाही. मी गेलो होतो.